वहीम, नियत आणि विचार करणारे यंत्र

विचार करणाऱ्या यंत्रांचा इतिहास सांगताना बहुतेक लोक ॲलन ट्युरिंगच्या १९५० सालच्या लेखापासून सुरुवात करतात. ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या इंग्रजी नियतकालिकात तो आला होता. यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न घेऊन ट्युरिंग एकेक आक्षेप खोडत जातो. पहिलाच आक्षेप धर्माचा आहे. विचार करणे हे आत्म्याचे काम, आत्मा देवाने माणसाला दिला आणि यंत्राला दिला नाही, तेव्हा विषय संपला. यावर ट्युरिंग म्हणतो की अशा समजुती किती मनमानी असतात ते दुसऱ्या धर्माकडे पाहिले की कळते. उदाहरण म्हणून तो आपल्याला पुढे करतो. स्त्रियांना आत्मा नसतो असे मुसलमान मानतात, त्याबद्दल ख्रिस्ती लोकांना काय वाटते, असा त्याचा सवाल आहे.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पान उलटता येईना. सूरह अहजाबच्या पस्तिसाव्या आयतीत मोमीन पुरुष आणि मोमीन स्त्रिया, रोजा ठेवणारे पुरुष आणि रोजा ठेवणाऱ्या स्त्रिया, असा जोडीजोडीने उल्लेख येतो आणि दोघांना एकच बक्षीस सांगितलेले आहे. आपल्या घरातली कोणतीही आजी हे सांगू शकली असती. पण युरोपात ही कंडी शतकानुशतके फिरत होती आणि विसाव्या शतकातल्या एका अत्यंत बुद्धिमान माणसाने ती न पडताळता उचलली. गंमत अशी की त्याच परिच्छेदात पुढे तो जे उत्तर देतो ते इमाम गजालींना आवडले असते. यंत्राला आत्मा देणे देवाला शक्यच नाही असे म्हणणे म्हणजे त्याच्या सर्वशक्तिमानतेवर मर्यादा घालणे होय, असे ट्युरिंग म्हणतो. आगीने कापूस जळतो तोही आगीच्या स्वतःच्या ताकदीने नाही, असे सांगणाऱ्या गजालींची वाट यापासून फार दूर नाही.

असे काही वाचनात आले की आपल्याकडे एक ठरलेले उत्तर तयार असते. व्हॉट्सॲपवर हत्तीच्या घड्याळाचे चित्र येते आणि खाली मजकूर असतो की पहिला रोबो मुसलमानांनी बनवला. मीसुद्धा एकेकाळी हे चित्र पुढे पाठवलेले आहे. आता पाठवत नाही. कारण त्यात जे खरे आहे ते आपण अर्धवट सांगतो आणि जे जास्त मोलाचे आहे ते सांगतच नाही.

खरे आहे ते असे. अल जझरी हा कारागीर दियारबकरच्या अर्तुकी दरबारात नोकरीला होता. १२०६ मध्ये त्याने आपले पुस्तक पुरे केले. त्यात पन्नास यंत्रांची वर्णने आहेत आणि ती नुसती गोष्ट म्हणून नाहीत, मापांसकट आणि आकृत्यांसकट आहेत. हत्तीचे घड्याळ त्यातलेच. मला त्यातले वुजूचे यंत्र जास्त आवडते. वुजू करताना नोकराने किंवा दासीने हातावर पाणी घालावे हे सुलतानाला रुचत नव्हते, म्हणून त्याने जझरीला काहीतरी उपाय करायला सांगितले. दुसरे एक यंत्र म्हणजे वादकांची नाव. मेजवानीच्या वेळी ती तळ्यात सोडायची आणि तिच्यावरचे लाकडी वादक वाजवू लागायचे. आत पाण्याच्या जोरावर फिरणारा दांडा, त्यावर खुंट्या, खुंटी तरफेवर दाबली की वादकाचा हात हलणार. नोएल शार्की या ब्रिटिश संशोधकाने २००७ च्या सुमारास याची प्रतिकृती करून पाहिली. खुंट्या काढून दुसरीकडे बसवल्या तर ताल बदलतो, म्हणजे हा एक प्रकारचा प्रोग्रॅम झाला, असा त्याचा तर्क आहे. त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधी बगदादच्या बनू मूसा भावांनी खुंट्यांच्या नळकांड्यावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याचे वर्णन लिहून ठेवले होते.

हुन्नर म्हणून हे सारे लाजवाब आहे. पण नावेवरच्या वादकाला आपण तळ्यात आहोत की वाळवंटात, हे माहीत नसते. पाहुणे उठून गेले तरी तो वाजवत राहतो. जे खुंटीत आहे तेवढेच हातात येते. त्याला स्वायत्त म्हणता येत नाही आणि जझरीनेही तसा दावा केलेला नाही. दावा करतो तो आपला व्हॉट्सॲप.

यंत्राने स्वतः विचार करायचा तर आधी एक नकाशा लागतो. विचार म्हणजे नेमकी कोणकोणती कामे, ती कोणत्या क्रमाने होतात, कोण कोणाला काय कळवतो, याचा नकाशा. तो जझरीच्या कार्यशाळेत नव्हता. तो त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या आणि वजिरी, तुरुंग आणि पळापळ यांतून वेळ काढून लिहिणाऱ्या एका हकिमाने काढलेला होता.

इब्ने सीनाच्या ‘किताबुश्शिफा’मध्ये नफ्सवर, म्हणजे जीवावर, एक स्वतंत्र भाग आहे. बाहेरची पाच इंद्रिये आपल्याला ठाऊक आहेत. इब्ने सीना म्हणतो, आतलीही पाच आहेत. मेंदूच्या पुढच्या पोकळीत हिस्से मुश्तरक, जिथे डोळा, कान, नाक यांच्या खबरा एकत्र येतात. त्याच्याच मागे खयाल, जिथे त्या खबरांची चित्रे साठवून ठेवली जातात. मधल्या पोकळीत चित्रांची जोडतोड करणारी शक्ती. ती अकलेच्या हाताखाली काम करू लागली की तिला मुफक्किरा म्हणायचे, म्हणजे फिक्र करणारी. तिथेच वहम. आणि सर्वांत मागे हाफिजा, म्हणजे स्मरण. मेंदूतल्या या जागा आज कोणी मानणार नाही. कामांची वाटणी मात्र पाहण्यासारखी आहे.

ही वाटणी त्याने नुसती सांगितली नाही, प्रत्येक कप्पा का लागतो याचे कारण दिले. पावसाचा थेंब पडताना घ्या. डोळ्यासमोर कोणत्याही क्षणी तो एकाच ठिकाणी असतो, पण आपल्याला दिसते ती सरळ रेघ. म्हणजे आत्ताचा थेंब आणि मघाचा थेंब यांना एकत्र धरून ठेवणारी काहीतरी जागा आत असली पाहिजे. आज कोणी सॉफ्टवेअर इंजिनियर याच कारणासाठी बफर ठेवतो. तिथेही हिशेब हाच असतो की अमुक काम होताना दिसते, तर त्यासाठी अमुक कप्पा असलाच पाहिजे.

वहमचे उदाहरण सगळ्यांत प्रसिद्ध आहे. मेंढीला लांडगा दिसतो आणि ती पळते. लांडग्याचा रंग डोळ्याने कळतो, वास नाकाने, गुरगुरणे कानाने. पण ‘हा माझा वैरी’ हे कोणत्या इंद्रियाने कळले? वैराला रंग नाही, वास नाही. आणि मेंढीला अक्कल नाही. मग रूपात नसलेला पण रूपाबरोबर येणारा अर्थ टिपणारी एक वेगळी शक्ती मानावी लागते. तीच वहम. माणसातही ती असते आणि फसवते. मध दिसायला पित्तासारखा असतो, तेवढ्यावरून तो नकोसा वाटू शकतो, असे इब्ने सीना सांगतो. मध आहे हे अक्कल सांगत असते, तरी वहम नाक मुरडते.

मराठीत हे सारे शब्द आपण रोज वापरतो. खयाल गाण्यात गेला. फिक्रची फिकीर झाली आणि विचाराऐवजी काळजी उरली. अक्कल जशीच्या तशी आहे, दाढेलासुद्धा तिचे नाव दिले. हाफिजाशी सख्खे नाते असलेला शब्द म्हणजे अख्खे कुरआन पाठ असलेला आपला हाफिज. आणि वहमचा झाला वहीम, म्हणजे संशय. वहिमावरून ताब्यात घेतले, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. या शब्दाकडे मी शेवटी परत येणार आहे.

गजालींनी इब्ने सीनाशी कडाक्याचे भांडण मांडले खरे, पण हा नकाशा त्यांनी ठेवून घेतला. ‘इह्या’मध्ये त्यांनी तो सामान्य वाचकाला कळेल असा मांडला आहे. दिल हा बादशहा. इंद्रिये त्याचे हेर. पुढची शक्ती म्हणजे डाकखात्याचा प्रमुख, त्याच्याकडे सगळ्या खबरा जमा होतात. स्मरण हा खजिनदार, जीभ दुभाषी. मोठ्या प्रणालीचा आराखडा काढताना आजही कागदावर असेच चौकोन आणि बाण येतात. डाकप्रमुखाच्या जागी दुसरे नाव लिहितात इतकेच.

म्हणजे यंत्र एका हातात होते आणि मनाचा नकाशा दुसऱ्या. हे दोन हात एकाच माणसाचेही होते, आणि तो माणूस आपल्या दख्खनमध्ये राहून गेला. फतहुल्ला शिराझी विजापुरात अली आदिलशहाच्या आश्रयाला होता. आदिलशहाच्या मृत्यूनंतर तो १५८३ मध्ये अकबराकडे गेला. इब्ने सीनाच्या परंपरेतले तत्त्वज्ञान तो शिकवायचा. हिंदुस्थानच्या मदरशांत माकूलात, म्हणजे तर्क आणि तत्त्वज्ञान, रुजवण्याचे श्रेय त्याला देतात. आणि चालता चालता पीठ दळणारी गाडी आणि एकाच वेळी अनेक बंदुकांच्या नळ्या साफ करणारे चक्र हीसुद्धा त्याच्याच नावावर सांगतात. सकाळी मुफक्किरावर धडा, दुपारी चक्राचे दाते. तरी दाते असलेल्या चक्रात मुफक्किरा बसवता येईल असे काही त्याने करून पाहिल्याचे दिसत नाही. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. खुंटी आणि दाते यांच्यात ‘जर’ आणि ‘तर’ ठेवायला फारच थोडी जागा असते. संगणक येईपर्यंत ते जमणारे नव्हते.

जमवायचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो कॅलिफोर्नियात, मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, १९६६ ते १९७२ या काळात. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा. यंत्राचे नाव शेकी, कारण ते चालताना थरथरायचे. चाकांवरची पेटी, वर टीव्हीचा कॅमेरा, अंतर मोजायचे साधन, धडक कळावी म्हणून मांजराच्या मिशांसारख्या तारा. डोके मात्र दुसरीकडे ठेवलेल्या मोठ्या संगणकात, रेडिओने जोडलेले. काही खोल्या, दारे, रंगवलेले ठोकळे, एवढेच त्याचे जग. चबुतऱ्यावरचा ठोकळा खाली पाड, असे सांगितले की शेकीला आधी कळायचे की आपण चबुतऱ्यावर चढू शकत नाही. मग ते उतरंड शोधायचे, ती ढकलत चबुतऱ्याला लावायचे, तिच्यावरून वर जायचे आणि ठोकळा पाडायचे. हात नसलेल्या पेटीने हे करणे लहान गोष्ट नव्हती.

त्याच्या आत पाहिले तर इब्ने सीनाला ओळखीचे वाटावे असे कप्पे दिसतात. कॅमेऱ्याच्या खबरा एका जागी यायच्या. त्यातून खोलीचे चित्र तर्कशास्त्राच्या वाक्यांत साठवले जायचे. स्ट्रिप्स नावाचा कार्यक्रम त्या वाक्यांची जोडतोड करून योजना आखायचा. जमलेल्या योजना पुढच्या वेळेसाठी साठवून ठेवायची सोयही होती. हिस्से मुश्तरक, खयाल, मुफक्किरा, हाफिजा. एक कप्पा रिकामा होता.

तो रिकामा आहे हे इंजिनियरांना वेगळ्याच वाटेने कळले. समजा मी कपाट सरकवले. कपाटाची जागा बदलली. भिंतीचा रंग बदलला का? नाही. दार उघडे होते ते उघडेच आहे का? आहे. कपाटावरचा डबा? तो मात्र कपाटाबरोबर गेला. माणसाला यातले काही मोजावे लागत नाही. यंत्राला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते, ‘बदलले नाही’ हेसुद्धा. जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी १९६९ मध्ये हा पेच नाव देऊन मांडला. स्ट्रिप्सने त्यावर तात्पुरता तोडगा काढला. प्रत्येक कृतीपुढे तीन याद्या ठेवायच्या: आधी काय असायला हवे, काय नवे खरे होईल, काय खोटे होईल. यादीत नाही ते जसेच्या तसे राहिले असे धरायचे. ठोकळ्यांच्या खोलीत हे चालते. खऱ्या जगात हजार गोष्टींपैकी आत्ता माझ्यासाठी महत्त्वाची कोणती, हे कोण ठरवणार? तत्त्वज्ञांनी हा प्रश्न उचलला आणि तो आजही पुरता सुटलेला नाही. मेंढी यादी करत बसत नाही. शेकीच्या खोलीत लांडगा सोडला असता तर तोही एक ठोकळाच ठरला असता.

ह्यूबर्ट ड्रायफस या तत्त्वज्ञाने १९६५ मध्येच या सगळ्या उद्योगाला अल्केमी म्हणून हिणवले होते. शब्द आपल्याच किमयेचा, अरबीतून तिकडे गेलेला. १९८० च्या दशकात एमआयटीच्या रॉडनी ब्रुक्सने दुसरे टोक गाठले. नकाशाच नको, म्हणाला. धडक टाळण्याचा एक थर, त्यावर भटकण्याचा थर, अशी थरांवर थरांची यंत्रे त्याने केली आणि ती शेकीपेक्षा चपळ निघाली. घरात केर काढत फिरणारी रूंबा त्याच्याच कंपनीची. त्याने मेंढीचे पळणे बनवले. लांडगा ओळखणे मात्र तिथेही नव्हते.

मला ज्या टप्प्याविषयी खरे सांगायचे आहे तो याच काळातला आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांचे १९८७ चे पुस्तक इरादा या विषयावर आहे. तोपर्यंत पुष्कळांचे म्हणणे असे होते की माणसाच्या कृतीमागे दोनच गोष्टी असतात, समजूत आणि इच्छा. पाणी घड्यात आहे ही समजूत, प्यायची इच्छा, झाली कृती. ब्रॅटमन म्हणाले, तिसरी गोष्ट आहे आणि ती या दोन्हींतून निघत नाही. ती म्हणजे ठरवणे.

रोज्याचे उदाहरण घेतो, ते त्यांचे नाही, माझे आहे. सहरीला नियत केली. दुपारी दोनला तहान लागते. इच्छा बदलली, पाणी समोर आहे हेही दिसते. समजूत आणि इच्छा एवढ्यावरच माणूस चालत असता तर त्याने पेला उचलला असता. तो उचलत नाही. दर पाच मिनिटांनी रोजा ठेवावा की नाही याचा नव्याने विचारही करत नाही. प्रश्न मिटलेला आहे, आणि मिटलेला आहे म्हणूनच त्याला बाकीची कामे करता येतात. पण नियत आंधळी नाही. आजारी पडला, सफरीला निघाला, तर प्रश्न पुन्हा उघडायची मुभा आहे. ठरलेले टिकले पाहिजे आणि योग्य वेळी सुटलेही पाहिजे. ब्रॅटमन जे सांगत होते ते हेच.

शेकी जिथे घडला त्याच संस्थेत मायकेल जॉर्जेफ आणि एमी लॅन्स्की यांनी १९८७ मध्ये या कल्पनेचे सॉफ्टवेअर केले. यंत्राजवळ तीन साठे: समजुती, हव्या असलेल्या गोष्टी आणि हाती घेतलेले इरादे. शिवाय तयार योजनांचे एक कपाट. नवी खबर आली की समजुती सुधारायच्या, कोणत्या योजना लागू पडतात ते पाहायचे, एक उचलायची, तिचे एक पाऊल टाकायचे, पुन्हा खबर पाहायची. स्पेस शटलच्या दिशा सांभाळणाऱ्या लहान इंजिनांत बिघाड कसा शोधावा, या कामासाठी ते वापरून पाहिले गेले. पुढे जॉर्जेफ मेलबर्नला गेले. तिथे डेव्हिड किनी यांच्याबरोबर १९९१ मध्ये त्यांनी एक प्रयोग केला. ठरवलेले तडीस नेणारी हट्टी यंत्रे आणि पावलोपावली फेरविचार करणारी सावध यंत्रे, यांत कोण चांगले? उत्तर आले की जग सावकाश बदलत असेल तर हट्टी, भराभर बदलत असेल तर सावध. आजारी माणसाला रोज्याची सूट का, याचे याहून कोरडे स्पष्टीकरण मी वाचलेले नाही.

ब्रॅटमननी हे फिकहमधून घेतले असे मी म्हणत नाही. तसे म्हटले की पुन्हा हत्तीचे घड्याळ सुरू. दोघे आपापल्या वाटेने एकाच ठिकाणी आले, कारण प्रश्न एकच होता. फरक आहे तो जबाबदारीत. फिकहमध्ये नियत ज्याची, हिशेब त्याचा, आणि हिशेब देण्यासाठी तो अकलेचा आणि वयात आलेला असावा लागतो. लहान मूल, वेडा, झोपलेला, यांच्यावर तो भार नाही. जनावराने नुकसान केले तर हाकणाऱ्यावर जबाबदारी कधी येते याची लांबलचक चर्चा किताबांत सापडते. यंत्रासाठी आपल्याला तीच पाने उघडावी लागतील असे मला वाटते.

आता वहीम. सहा कप्प्यांचा माणूस बनवणे अवघड आहे म्हणून आज एकेक कप्पा सुटा विकला जातो. चेहरा ओळखणारी यंत्रे त्यातलीच. फेब्रुवारी २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर अशा यंत्राने अकराशेहून अधिक लोक ओळखले, असे गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. पुढे माहितीच्या अधिकारात दिल्ली पोलिसांनी कळवले की ८० टक्के जुळणी झाली की ओळख पटली असे ते धरतात. त्याखाली असेल तर चुकीची जुळणी मानतात, मात्र इतर पुरावा जोडून तपास चालू राहू शकतो. यात इरादा नाही, फेरविचार नाही, यंत्राची अक्कल नाही. रूपावरून अर्थ काढणारी शक्ती आहे आणि तिच्यावर एक आकडा आहे. वहीम माणसाचा असला तरी काय होते हे मालेगावला विचारा. २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. पण तिथे निदान साक्षीला उभा करता येईल असा अधिकारी होता, ज्याला विचारता येत होते की तुला असे का वाटले.

ट्युरिंगच्या १९५० च्या लेखात यंत्राची परीक्षा कशी घ्यायची ते सांगितले आहे. परीक्षक एका खोलीत, यंत्र आणि माणूस दुसरीकडे. प्रश्न आणि उत्तरे टाइप करून. आवाज ऐकू येऊ नये, चेहरा दिसू नये, नाहीतर परीक्षकाचे मन आधीच बनेल आणि तो उत्तर वाचणार नाही, अशी त्याला काळजी होती. माझ्याकडे त्या लेखाची छापील प्रत आहे. मुसलमान स्त्रियांविषयीच्या ओळीशेजारी मी पेन्सिलीने ३३:३५ लिहिले आहे, आणि चेहरा झाकण्याच्या ओळीखाली रेघ मारली आहे.